क्रॉफर्ड मार्केटात वीज दोनदा आली आणि दोनदा गेली

आजचा धागा दिव्यांविषयी आहे. घरातल्या नव्हे, राजवाड्यातल्याही नव्हे. कामाच्या जागी, उघड्यावर, नव्याने लावलेल्या विजेच्या दिव्यांविषयी. धागा लांब आहे. चहा घेऊन बसावे.

निमित्त अगदी साधे घडले. ज्या ग्रंथालयात मी संदर्भ काढण्यासाठी बसते, तिथल्या आवारात दिवाळीनंतर नवे एलईडी फ्लडलाइट बसवण्यात आले. जुने पिवळे दिवे गेले. आवार दिवसासारखे उजळले, असे सर्वांचे मत पडले. अपवाद एकच, रात्रपाळीचे पहारेकरी. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. ते म्हणाले, "ताई, आधी फाटकाशी कोण उभं आहे ते दिसायचं. आता नुसता दिवा दिसतो."

मामांची ही तक्रार जवळजवळ दीडशे वर्षांची आहे. विजेचा दिवा पहिल्यांदा बाजारात, बंदरात, रस्त्यावर आला तेव्हा त्याच्याखाली काम करणाऱ्यांनी नेमके हेच म्हटले होते. आणि या कथेत मुंबईचा एक मानाचा, पण काहीसा विसरलेला वाटा आहे.

मुंबईत वीज पहिल्यांदा कुठे लागली, असे विचारले तर बहुतेक जण ट्रामचे नाव घेतात, काही जण एखाद्या धनिकाच्या बंगल्याचे. खरे उत्तर आहे भाजीबाजार. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत, मुंबईकरांनी विजेचा प्रकाश पहिल्यांदा पाहिला. पुढील वर्षी नगरपालिकेने 'ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी'शी करार केला: कंपनीने मंडईत आणि काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावावेत. त्यानंतर वर्षभरातच कंपनीचे दिवाळे निघाले आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आली.

आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांत ही हकीकत दोन ओळींत संपते. वीज आली, कंपनी बुडाली, पुढे ट्राम आली. परंतु या दोन ओळींच्या मधल्या जागेत बरेच काही दडले आहे, असे मला वाटते.

आधी गॅसविषयी थोडेसे. मुंबईत गॅसचा दिवा प्रथम खासगी हौसेतून आला. माझगावच्या आपल्या बंगल्यात जहाजबांधणीतले निष्णात अर्देशर कर्सेटजी वाडिया यांनी १८३४ साली गॅसचे दिवे लावले. पुढे हेच अर्देशर १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. रस्त्यांवर गॅस आला तो १८६५च्या ऑक्टोबरात. त्या संध्याकाळी दिवे पेटवणाऱ्या बत्तीवाल्यांच्या मागे लोकांचे घोळके एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालत होते, असे वर्णन मुंबईच्या गॅझेटियरमध्ये आहे. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३चे. दोन वर्षे उशिरा लिहिते तर या संध्याकाळचे चार-पाच पाने वर्णन आपल्याला त्यांच्याकडून नक्की मिळाले असते, अशी हळहळ मला दर वेळी वाटते.

चार वर्षांनी, १८६९ मध्ये, क्रॉफर्ड मार्केट सुरू झाले. पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव, विल्यम इमर्सन यांचा आराखडा, दर्शनी भागावर जॉन लॉकवुड किपलिंग यांची शिल्पे. ही शिल्पे शेतकऱ्यांची आणि बाजारात राबणाऱ्या माणसांची आहेत, हे पुढच्या खेपेला तिथे गेलात तर मान वर करून अवश्य पाहा. मंडई म्हणजे पहाटेच्या अंधारात सुरू होणारे कामाचे ठिकाण. गाड्या उतरवणारे हमाल, पाट्या वाहणाऱ्या बायका, गाळ्यांवर माल मांडणारे व्यापारी, मासे निवडणाऱ्या कोळणी. यांचे निम्मे काम सूर्य उगवण्याआधी आटपते. म्हणून दिवा ही तिथे शोभेची वस्तू नव्हती. तो तराजूइतकाच कामाचा होता.

आता १८८०च्या सुमाराचा विजेचा दिवा म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आपल्या डोळ्यांसमोर लगेच काचेचा बल्ब येतो. एडिसन आणि स्वान यांचे बल्ब तेव्हा नुकतेच जन्मले होते. ते खोलीपुरते होते. मोठ्या, उघड्या जागेसाठी वापरत ते आर्क दिवे.

आर्क दिव्यात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर असतात. त्यांची टोके क्षणभर टेकवून थोडी दूर केली की मधल्या फटीतून वीज उडी मारते, आणि कांड्यांची तापलेली टोके डोळे दिपवील असा निळसर पांढरा प्रकाश देतात. अमेरिकेत चार्ल्स ब्रश यांनी १८७९च्या एप्रिलमध्ये क्लीव्हलंडच्या चौकात असे १२ दिवे लावून दाखवले. विक्रेते एका दिव्याची शक्ती २,००० मेणबत्त्यांएवढी सांगत. तो आकडा बराच फुगवलेला होता. पण गॅसची साधी ज्योत फार तर १५-२० मेणबत्त्यांची, तेव्हा फुगा फोडूनही फरक प्रचंड उरत होता.

अडचणींची सुरुवात इथूनच होते.

पहिली अडचण कांडीची. ती जळते. जळता जळता फट वाढते, म्हणून कांड्या पुढे सरकवणारी यंत्रणा दिव्यातच बसवावी लागते. ही यंत्रणा अडखळली की दिवा फडफडतो, सूं-सूं आवाज करतो, विझतो. साधी कांडी एक रात्र जेमतेम पुरे. म्हणजे दररोज दिवसा एका माणसाने प्रत्येक खांबावर चढून किंवा दिवा दोरीने खाली घेऊन जळकी टोके काढावीत, नव्या कांड्या बसवाव्यात आणि काचेच्या गोळ्यावरची राख पुसावी. गॅसचा बत्तीवाला संध्याकाळी काठी घेऊन निघे आणि दिवा पेटवून पुढे जाई. विजेने हा माणूस कमी केला नाही. त्याला शिडीवर चढवले, आणि त्याच्या हाताशी अशी तार दिली जिला चुकून स्पर्श झाला तर माणूस जागीच मरत असे.

कारण दुसरी अडचण तारेची होती. ब्रश यांच्या पद्धतीत सगळे दिवे शाळेच्या पुस्तकातल्या 'एकसर जोडणी'प्रमाणे एकाच तारेवर एकामागून एक गुंफलेले असत. प्रत्येक दिव्याला साधारण ४५ ते ५० व्होल्ट लागत. ४० दिवे जोडले की हा आकडा २,००० व्होल्टवर जाई. एक दिवा तुटला तर पुढचे सगळे विझू नयेत म्हणून दिव्यातच वाट वळवणारी कळ ठेवावी लागे. ती बिघडली की सगळा रस्ता एकदम काळोखात. तारांवरचे आवरण सुती कापडाचे, त्यावर रंगाचा किंवा मेणा-डांबराचा लेप. अमेरिकेत विमा कंपन्यांनी मान्य केलेल्या अशा एका तारेला तारकामगार थट्टेने 'अंत्यसंस्कारवाल्यांची तार' म्हणत. इंग्रजीत विमा उतरवणारा आणि मर्तिकाचे काम करणारा या दोन शब्दांत फार थोडे अंतर आहे, त्यावरची ही कोटी. १८८९च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये भर दुपारी एक तारकामगार तारांच्या जंजाळात अडकून सगळ्या गर्दीदेखत मेला. त्यानंतर शहराने खांबावरच्या धोकादायक तारा तोडून टाकण्याची मोहीमच काढली. सुती आवरणाची ही तार मुंबईच्या आषाढ-श्रावणात कशी टिकेल, याची कल्पना ज्याने एकदा तरी पावसाळ्यात खांबावरून उडणाऱ्या ठिणग्या पाहिल्या आहेत त्याला सहज करता येईल.

तिसरी अडचण मात्र यंत्राची नाही, डोळ्यांची आहे. तीच मामांची.

आर्क दिव्याचा प्रकाश एका बारीक ठिणगीतून येतो. प्रकाशाचा उगम जितका लहान तितकी सावलीची कड धारदार. गॅसच्या ज्योतीखाली सावली मवाळ असे, टोपलीच्या मागेही थोडेफार दिसे. आर्क दिव्याखाली उजेडातली वस्तू लख्ख आणि तिच्या मागची जागा काळीकुट्ट. शिवाय दिवा नजरेच्या टप्प्यात आला की डोळ्याची बाहुली आकसते, आणि मग उजेडापलीकडचा अंधार होता त्याहून गडद वाटतो. फाटकापाशी उभा असलेला माणूस मामांना दिसत नाही, तो याच कारणाने. कवी-कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८७८ साली गॅसच्या दिव्यांची बाजू घेणारा एक निबंध लिहिला, त्यात या नव्या प्रकाशाला त्यांनी दुःस्वप्नाचा दिवा ठरवले आहे. साहित्यिकाची अतिशयोक्ती म्हणून तो निबंध बाजूला ठेवता येईल. पण मासळीबाजारातल्या विक्रेत्यांना तसे बाजूला ठेवता येत नाही.

लंडनचा बिलिंग्जगेट हा शतकानुशतके चालत आलेला मासळीबाजार. १८७८च्या अखेरीस तिथे विजेचे दिवे लावण्यात आले. ते रशियन अभियंता पावेल याब्लोचकोव्ह यांच्या 'विद्युत मेणबत्त्या' होत्या: दोन कार्बनच्या कांड्या शेजारी शेजारी उभ्या, मध्ये मातीसारख्या पदार्थाचा पातळ थर, वरून खाली जळत जाणाऱ्या. एक मेणबत्ती दीड-दोन तास चाले. मध्येच विझली तर तीच पुन्हा पेटत नसे. बाजार पहाटेचा, म्हणून वीज तिथे शोभेल, असा सरळ हिशेब. विक्रेत्यांनी मात्र नापसंती दाखवली. या पांढऱ्याफटक उजेडात मासा वाईट दिसतो, गिऱ्हाईक भाव पाडून मागते, अशी त्यांची तक्रार होती. प्रयोग लवकरच गुंडाळावा लागला.

ही हकीकत सांगणारे बहुतेक लेखक इथे हसतात. शिळा मासा उघडा पडला म्हणून विक्रेते चिडले, असा त्यांचा रोख असतो. मला हे हसू पटत नाही. ज्याने कधी दादरच्या किंवा ससून डॉकच्या बाजारात मासे घेतले आहेत त्याला ठाऊक आहे की ताजेपणाची पारख रंगावर चालते: कल्ल्यांचा लाल, डोळ्यांची चकाकी, अंगावरची तकाकी. हा लाल निळसर प्रकाशात करडा दिसतो. गॅसच्या पिवळट उजेडात विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघांचीही नजर तयार झालेली होती. कोणता रंग म्हणजे काल रात्रीचा आणि कोणता म्हणजे परवाचा, हे पिढ्यांच्या सवयीने ठरले होते. दिवा बदलल्यामुळे ती सगळी पारख एका रात्रीत निकामी झाली. दिवा निवडणाऱ्या समितीत मासे विकणारे कुणी नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

बिलिंग्जगेटची ही तक्रार क्रॉफर्ड मार्केटच्या करारापूर्वी चार-पाच वर्षांची. मासे, फळे, भाजी, म्हणजे रंगावर विकला जाणारा माल, मुंबईच्या मंडईतही तोच होता.

मग या अडचणींवर तोडगा काय काढला? आर्क दिव्याभोवती दुधी काचेचा गोळा बसवत. डोळ्यांना आराम पडे, सावल्याही मऊ होत. पण तयार झालेल्या उजेडापैकी जवळजवळ निम्मा काचेतच अडकून राही. म्हणजे चौपट खर्च करून मिळवलेला उजेड पुन्हा निम्म्याने मारायचा. दुसरा तोडगा उंचीचा. अमेरिकेतल्या काही शहरांनी दिवे दीडशे-पावणेदोनशे फुटांच्या लोखंडी मनोऱ्यांवर चढवले. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १८९४-९५ मध्ये असे ३१ मनोरे उभारले गेले, त्यांतले काही अजून उभे आहेत. पण मनोऱ्याचा उजेड झाडाखाली पोचत नाही आणि धुक्यात वरच्या वर अडकतो. (आमच्या मामांनी आपल्या परीने दुधी गोळा शोधून काढला आहे. त्यांनी दिव्याच्या तोंडाशी बटर पेपर चिकटवला. दोन दिवसांनी तो काढून टाकण्याचा लेखी आदेश आला.)

आता कंपन्यांकडे वळू, कारण क्रॉफर्ड मार्केटचा दिवा विझला तो दिवाळे निघाल्यामुळे.

१८८२च्या पूर्वार्धात लंडनच्या शेअर बाजारात विजेच्या कंपन्यांचे पीक आले होते. ब्रश पद्धतीचे हक्क विभागवार विकत घेऊन नवनव्या कंपन्या निघत, त्यांचे भाग दुप्पट-तिप्पट भावाने विकले जात, आणि प्रत्यक्षात एकही खांब रोवलेला नसे. मे महिन्यात भाव चढले, मग कोसळले. या प्रकाराला 'ब्रश बबल' असे नावच पडले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने विद्युत-दिव्यांचा कायदा केला. त्यात २१ वर्षांनी स्थानिक संस्थेने कंपनीची यंत्रसामग्री जवळपास भंगाराच्या भावाने घ्यावी अशी तरतूद होती. दीर्घकाळ पैसा गुंतवणारा माणूस अशा धंद्यात कशाला उतरेल? पुढे १८८८ मध्ये ही मुदत ४२ वर्षांवर न्यावी लागली. मुंबईची कंपनी ज्या वर्षांत बुडाली ती वर्षे ही अशी होती.

आणि आता एक योगायोग पाहा, जो मला या सगळ्या वाचनात सर्वाधिक महत्त्वाचा वाटला. इंग्लंडमधल्या गोडाल्मिंग या लहानशा गावाने १८८१ साली पाणचक्कीवर वीज तयार करून रस्त्यांवर दिवे लावले होते. सार्वजनिक वीजपुरवठ्याचा जगातला एक अगदी आरंभीचा प्रयोग म्हणून त्याचे नाव घेतात. तिथे तारा चक्क रस्त्याकडेच्या गटारांतून टाकल्या होत्या. चौकातले आर्क दिवे डोळे दिपवत आणि दूरच्या टोकाचे बल्ब मिणमिणत. नदीला पूर आला की चक्कीचा नेम राहत नसे. १८८४ मध्ये गाव गॅसवर परतले. लंडनच्या थेम्स नदीकाठी १८७८ पासून याब्लोचकोव्हचे दिवे होते. तेही १८८४ मध्ये काढले आणि गॅस पुन्हा आला. पॅरिसचा ऑपेरापुढचा प्रसिद्ध रस्ता तर त्याआधीच गॅसवर परतला होता.

म्हणजे क्रॉफर्ड मार्केट गॅसवर परतले तेव्हा लंडनही परतत होते. 'वसाहतीतल्या मागास शहराला नवे तंत्र पेलले नाही' हा वसाहतकालीन सूर आपल्याही लेखनात नकळत उतरतो. तो इथे पूर्णपणे गैरलागू आहे. मुंबईने चूक केली असेल, तर ती जगाबरोबरच, त्याच वर्षांत आणि त्याच कारणांनी केली.

मंडईची दुसरी खेप १८९४ची. या वेळी नगरपालिकेने परक्या कंपनीवर विसंबण्याऐवजी स्वतःचीच यंत्रणा बसवण्यासाठी पैसे मंजूर केले. मंडईबरोबर महापालिकेच्या कचेऱ्यांनाही पुरेल एवढी वीज त्यातून मिळावी, अशी योजना होती. हा प्रयोग चांगला चालला. तब्बल १९०६ पर्यंत. पण तोवर यंत्रे इतकी झिजली की ती कामाची राहिली नाहीत, आणि मंडई दुसऱ्यांदा गॅसवर गेली.

इथेही घाईने हसू नये. दरम्यानच्या काळात गॅसच स्वतः बदलला होता. आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने काढलेली जाळी, म्हणजे आपल्या लग्नांतल्या आणि जत्रांतल्या पेट्रोमॅक्सवर असते तेच मेंटल, १८९०च्या दशकात सर्वत्र पसरली. तिने गॅसचा उजेड कितीतरी पटींनी वाढवला. तेव्हा १९०६ साली गॅसकडे जाणे म्हणजे १८६५ मध्ये परत जाणे नव्हते. गंमत एवढीच की त्याच सुमारास शहरात मोठी वीज येत होती. १९०५ मध्ये 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' (आजच्या 'बेस्ट'ची पूर्वज) उभी राहिली, वाडीबंदरला वाफेवर चालणारे वीजघर निघाले, आणि १९०७च्या मे महिन्यात विजेची पहिली ट्राम धावली. शहरात सर्वप्रथम वीज पाहिलेली मंडई नेमकी त्याच वेळी गॅसच्या उजेडात भाजी विकत होती.

इथवर धागा संपवता आला असता. परंतु एक प्रश्न मला सोडत नव्हता. मंडईत वीज दोनदा टिकली नाही, मग त्याच शहरातल्या, तिथून दोन-तीन मैलांवरच्या कापड गिरण्यांत ती का टिकली?

उत्तर बरेचसे रोखठोक आहे. मंडईला दिव्यासाठी आधी इंजिन आणावे लागे, कोळसा आणावा लागे, ते चालवणारा मिस्त्री ठेवावा लागे. गिरणीत हे तिन्ही आधीपासून हजर होते. हजारो चात्या फिरवणाऱ्या वाफेच्या इंजिनाला पट्ट्याने एक डायनामो जोडला की झाले. शिवाय कापसाच्या उडत्या तुसात उघडी ज्योत म्हणजे आगीला आमंत्रण. काचेत बंद असलेला बल्ब त्या मानाने निर्धोक. आणि सगळ्यात मोठा फरक हिशेबाचा. मंडईत दिवा तासभर जास्त जळला तर नगरपालिकेचा खर्च वाढे. गिरणीत दिवा तासभर जास्त जळला तर सूत जास्त निघे.

हा शेवटचा फरक कामगारांच्या अंगावर आला. त्यासाठी आपल्याला पुन्हा १८८४ मध्ये जावे लागेल, मंडईतली वीज विझली त्याच सुमारास.

त्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधू'चे संपादक. (मंडईला आज ज्यांचे नाव आहे, तेच हे फुले.) साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज तयार झाला त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, पगार वेळेवर मिळावा ही मागणी होती, जखमी झाल्यास भरपाई होती. आणि एक मागणी अशी: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे.

सुरुवातीची वेळ घड्याळाची आहे, शेवटची सूर्याची. मला हे वाचताना थांबावेसे वाटले. १८८४च्या कामगाराला संध्याकाळी घड्याळाची गरजच वाटली नव्हती. अंधार पडला की धागा दिसत नाही, साचा थांबवावाच लागतो. मालकाचे घड्याळ मागे-पुढे करता येईल, सूर्य करता येणार नाही, हा त्यातला विश्वास होता. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम तेरा-चौदा तासांवर जाई, हिवाळ्यात ते आपोआप कमी होई. ही काही सुखाची व्यवस्था नव्हती. पण तिला एक काठ होता.

विजेच्या दिव्याने तो काठ पुसला. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. सूर्यास्ताची हमी मात्र हातची निसटत गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी एकामागून एक गिरण्यांनी वीज घेतली. १९०५ मध्ये कापडाला मागणी वाढली, आणि दिवे असलेल्या गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. 'टाइम्स ऑफ इंडिया'ने त्या वर्षी या कामगारांना थेट 'मुंबईचे गुलाम' म्हणणारे लेख छापले. कामगारांनी स्वतःही वाट पाहिली नाही. संध्याकाळी यंत्रे थांबवा म्हणत ते बाहेर पडले, काही ठिकाणी दगडफेक झाली. त्यातच १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे. म्हणजे सकाळचा भोंगाही सूर्याच्या हिशेबाने अलीकडे सरकणार! मुंबईने या प्रमाणवेळेशी कितीतरी वर्षे भांडण मांडले, पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. कामगारांचा राग दिव्यावर होता असे म्हणणे सोपे आहे, आणि 'यंत्राला घाबरणारे अडाणी लोक' हे चित्र तेव्हाच्या मालकवर्गाला सोयीचेही होते. मला तसे दिसत नाही. गिरणीतला माणूस दिवसभर यंत्रांतच वावरत होता. त्याला यंत्राची भीती कसली? दिवा लागला म्हणून तो चिडला नाही. दिवा लागल्यावर घरी जाण्याची वेळ कोण ठरवणार, यावर तो भांडला. बिलिंग्जगेटचा मासेविक्रेता आणि परळचा विणकर यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे, पण दोघांनाही नवा दिवा लागल्यानंतरच कळले की आपल्या कामातली एक गोष्ट बदलली आहे, आणि तिच्याविषयी आपल्याला कुणी विचारलेले नाही.

१९०६ मध्ये कापड गिरण्यांची स्थिती पाहण्यासाठी समिती नेमली गेली, पाठोपाठ फॅक्टरी कामगार आयोग आला. १९०८च्या अहवालात बहुमत प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालण्याच्या विरुद्ध होते. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी स्वतंत्र भिन्नमतपत्रिका जोडून बारा तासांची मर्यादा मागितली. १९११च्या कायद्यात कापड गिरण्यांसाठी ती मर्यादा अखेर आली, आणि तिच्यासोबत आणखी एक ओळ आली: पाळ्यांची मान्य पद्धत असल्याखेरीज पहाटे साडेपाचच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कुणालाही कामावर ठेवू नये.

लोखंडे यांचे १८९७ साली प्लेगच्या साथीत निधन झाले होते. त्यांच्या अर्जातला 'सूर्यास्त' सत्तावीस वर्षांनी कायद्यात उतरला, तो 'सात वाजता' असा आकडा होऊन. थंडीच्या दिवसांत मुंबईत सातला चांगलाच अंधार पडलेला असतो. तोपर्यंत गिरणीतले दिवे लागलेलेच असत.